वच्छलाबाईंची लाली

वच्छलाबाईंचं तोंड लाल झालं आणि उत्तमरावांच्या हातून पाण्याचा तांब्याच निसटला. कानापासून गळ्यापर्यंत लाल. सहा महिने जे दिसलं नव्हतं ते आज दिसलं, तेही दर महिन्याचं इंजेक्शन चालू असताना. औषध थकलं, गाठ पुन्हा वाढायला लागली, असंच त्यांच्या मनानं घेतलं.

या लालीची गोष्ट उत्तमरावांसाठी जरा लाजिरवाणीच आहे. माणूस एसटीत कंडक्टर होता, जिभेला हाड नाही. रिटायर होऊन नांदुऱ्याला घरी बसल्यावर रोज चहाच्या वेळी बायकोची थट्टा करायचे आणि ती लालेलाल व्हायची. तीन वर्षं गडी खुशीत! साठीतही आपली बायको लाजते, हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. मग वच्छलाबाईंचं पोट सारखं बिघडायला लागलं, म्हणून अकोल्याला दाखवलं. आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "तोंड लाल होतं ते या गाठीतून सुटणाऱ्या रसायनांमुळे. गरम चहानं तर जास्तच."

म्हणजे चहानं! गाठीचं दुःख होतंच, पण उत्तमरावांना हेही फार लागलं.

इलाज मात्र त्यांना चटकन समजला. गाठीच्या पेशींवर एका हार्मोनचे रिसेप्टर असतात, म्हणजे त्याच्या बसायच्या जागा. इंजेक्शनातलं औषध त्याच जागांवर जाऊन बसतं आणि गाठीला दाबून ठेवतं. मग ती रसायनं कमी सोडते आणि वाढायलाही बिचकते.

"म्हंजे रुमाल टाकून सीट धरल्यावानी," उत्तमराव म्हणाले. डॉक्टर हसले.

गुण आला. लाली गेली, गाठ होती तेवढीच राहिली. उत्तमरावांनी देवापुढे नारळ फोडला आणि थट्टा करणं सोडून दिलं. बायको लाजत नव्हतीच, तर करायची कशाला?

आता त्यांनी निशिगंधा सिस्टरला फोन लावला. इंजेक्शन तीच द्यायची.

"पोरी, तुह्या काकूचं तोंड लाल झालं वं! औषध लागू पडून नाई राह्यलं!"

"घाबरू नका, काका. चहा घेतला का काकूंनी?"

"नाई."

"तिखट खाल्लं? जुलाब?"

"कायीच नाई. सकायी वरणभात खाल्ला फक्त."

"मंग करून काय राह्यल्या होत्या?"

"भाचीच्या लग्नाची साडी नेसून पाहे."

"अन् तुमी?"

उत्तमरावांनी फोन या कानाचा त्या कानाला नेला.

"काका, सांगा ना. डॉक्टरले कळवा लागते मले."

"मी... मी इतकंच म्हटलं, का ह्या साडीत तू मांडवात गेली, तं नवरदेव नवरीले सोडून तुह्याच मांगं येईन."

वच्छलाबाईंनी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. तोंड अजून लालच होतं.

"ठेव वं बाई फोन," त्या म्हणाल्या, "हे गाठीचं नाई, ह्यांचं हाय."