पाटावरचा पूल

नवनाथआबांची उभी हयात दौंडला रुळांची देखभाल करण्यात गेली. रिटायर होऊन ते राहू या आपल्या गावी आले आणि घरामागच्या बागेतल्या पाटावर नातीसाठी छोटा पूल बांधायला घेतला. लाकूड म्हणजे भंगारातून आणलेले, रुळांखालचे जुने स्लीपर.

शेवटचा खिळा ठोकला, तसा पूल पायाखाली थरथरला.

ही थरथर आबांचे तळवे ओळखून होते. गाडी येताना रूळ असेच बोलतात. सवयीनं ते चटकन बाजूला उतरले आणि स्वतःशीच हसले. रेल्वे इथून कोसांवर!

हातपाय धुऊन ते मागच्या ओसरीवर चहाला टेकले. नात तेजश्री नव्या पुलावर जाऊन उभी राहिली, आणि तिच्या पायाखालचं पाटाचं पाणी शहारलं.

"पोरी, बाजूला हो! गाडी येतीय!"

"अवो, याड लागलं का?" आबांच्या पत्नी जाईबाई म्हणाल्या. "हितं कुठली गाडी?"

तेजश्रीचे केस सपकन मागं उडाले. फ्रॉक अंगाला चिकटला. शेजारच्या पेरूचं पानसुद्धा हललं नव्हतं.

आबांनी खांद्यावरचा तांबडा टॉवेल ओढला आणि दोन्ही हातांनी झेंड्यासारखा हलवत ते धावले. पाण्यावरची थरथर मंदावली. थांबली.

आबांचा जीव भांड्यात पडला.

"आबा, थांबली!" तेजश्री खुशीत ओरडली. समोर कुणाला तरी तिनं हात दिला आणि पायरी चढावी तसं एक पाऊल उचलून हवेत ठेवलं.

मग दुसरंही.