मांडवाच्या दारातली फुली

नवरी डुलत होती. मुहूर्ताला अकरा मिनिटं उरली होती, आणि भाविकाला पायाखालचं स्टेज एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जातंय असं वाटत होतं.

"चक्कर येनारच गं," इंदूआत्या म्हणाली. "सकाळपासून उपाशी हायेस. थांब, लिंबू सरबत आनते."

भाविकालाही आधी तसंच वाटलं. शिवाय चार हातांवर मुंडावळ्या बांधलेला जितेश उभा होता, आणि त्याला पाहिलं की पोट भरलेलं असतानाही तिला गेले चार महिने असंच व्हायचं. मात्र हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो दर रविवारी कर्जतहून मोटारसायकल दामटत यायचा. एकदा सगळा धीर गोळा करून त्याने विचारलं, "मी आवडतो ना तुम्हाला?" तर या इंजिनियर बाईसाहेब लाजून लाल झाल्या आणि त्याला बांधकामातल्या खांब-तुळयांच्या चौकटींचे प्रकार समजावत बसल्या. चौकटी दोन जातीच्या असतात म्हणे. एक आडवी सरकणारी, दुसरी न सरकणारी. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. खांबांच्या मध्ये तिरक्या पट्ट्यांची फुली असली की चौकट जागची हलत नाही. फुली नसली की बूड काढलेल्या खोक्यासारखी कलते. बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि दोन चहा सांगितले.

या स्टेजचा नकाशाही तिनेच काढला होता. कुंभिवलीला तिच्या वडिलांचं, दशरथशेठचं, लग्नाचं लॉन होतं आणि शेठची हौस दांडगी होती. लेकीचं लग्न हायवेवरच्या गाड्यांतून दिसलं पाहिजे, म्हणून स्टेज दीड पुरुष उंच, लोखंडी खांबांवर. खालून फुलांचं दार, मागून वर यायला मुरमाचा रुंद चढ. भाविकाने खांबाखांबांत फुल्या घातल्या, नकाशावर ‘न सरकणारी’ असं ऐटीत लिहिलं, आणि म्हणूनच खांब बारीक धरले.

आता वर पाऊणशे माणसं होती. जितेशचे मित्र बेंजोच्या ठेक्यावर सगळे मिळून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलत होते. भाविकाने एक डोळा मिटला आणि कडेचा खांब समोरच्या डोंगराच्या टोकाशी जुळवून पाहिला. डोंगर जागच्या जागी होता. खांब मात्र दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे.

चक्कर नवरीला नव्हती. स्टेजला होती.

"बाबा," ती दशरथशेठच्या कानात ओरडली, "खालच्या फुल्या कुठायत?"

"काडल्या!" शेठ खुशीत म्हणाले. "आत्या बोलली, मांडवाच्या दारात फुली बरी दिसत नाय, अपशकुन व्हतो. लडकू वेल्डरनं सकाळीच कापल्या. बग कसं मोकळं झालं!"

बारीक खांब, फुल्या गायब, वर पाऊणशे माणसं नाचतायत. "सगळ्यांना खाली न्या!" ती म्हणाली. "आता मुहूर्तावर?" शेठ म्हणाले, "सरबत पी तू." तिने बेंजोवाल्याला थांब म्हणून हात केला. त्याला वाटलं, नवरीला आवडलंय. त्याने ठेका वाढवला. पडतंय म्हणून बोंब ठोकावी, तर घाबरून सगळे एकाच कडेला लोटतील आणि मग खरंच पडेल. माणसांना चढावरून खाली न्यायचं होतं, लगेच, आणि तेही का म्हणून न विचारता.

तिने शालू गुडघ्यापर्यंत उचलला आणि मुरमाच्या चढावरून धूम ठोकली.

"पोर पळाली!" इंदूआत्याने टाहो फोडला. बेंजो बंद पडला. दशरथशेठ धावले, त्यांच्यामागे मामा, मामाच्या मागे वरमाय, मग मित्र, मग भटजी धोतर सावरत. हिरवा शालू पुढे आणि सगळं वऱ्हाड मागे, अशी ती वरात आमराईपर्यंत गेली. भाविकाला धावता धावता हसू फुटलं. आयुष्यात इतकी माणसं तिच्यामागे कधी लागली नव्हती. आंब्याला वळसा घालून ती थांबली, धापा टाकत मागे वळली आणि डोकी मोजू लागली.

एक डोकं कमी होतं.

स्टेजवर जितेश एकटाच उभा होता. हातात हार, मुंडावळ्या वाऱ्यावर. खालून लोखंड करकरलं. कुठलातरी सांधा सुटला होता.

"खाली या!" भाविका किंचाळली. "अहो, खाली या!"

"तुमी जा," तो वरूनच म्हणाला. आवाज फाटला होता, तरी तो हसायचा प्रयत्न करत होता. "नको आसंल मी, तर मागं नाय येनार. कुनी अडवू नका रं तिला."

पुन्हा करकरलं. या खेपेला मोठ्याने.

"अरे गाढवा," भाविका दोन्ही घराण्यांसमोर, भटजींसमोर, अख्ख्या हायवेसमोर ओरडली, "हवायस! लई हवायस! म्हनून तर सांगते, उतर खाली!"

जितेश तीन ढांगांत चढ उतरला आणि धावत तिच्यापर्यंत पोचला. पाठीमागे सबंध स्टेज डावीकडे कलंडलं, ते त्याला दिसलं थेट नंतर, लग्नाच्या व्हिडिओत.