आतला हात

कच्च्या मडक्याच्या पोटात डावा हात घालायचा, आतून गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकायचं. एकोणीसशे सहाच्या हिवाळ्यात देवासच्या धर्मशाळेत बायकांना मातीकाम शिकवायला बसलेल्या शालिग्राम कुंभाराचा हा पहिला धडा. आत गोटा नसला की भिंत खचते.

विनोदिनीची आजवरची सगळी मडकी खचली होती. मामंजींनी सकाळीच सुनावलं होतं, "आजचंही खचलं, तर उद्यापासून वर्ग बंद." नवरा गेल्यापासून तिला उंबऱ्याबाहेर नेणारं तेवढंच एक निमित्त उरलं होतं.

आज मात्र मडकं आकार धरत होतं.

थप्. थप्.

"वा बाईसाब! आज भीतर को हाथ पक्को है," शालिग्राम म्हणाला.

तेवढ्यात दारात मामंजी खाकरले. तिचा डावा हात सवयीने वर गेला आणि तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून धरला. उजवा ठोकतच राहिला.

थप्. थप्.

भिंत खचली नाही.

तिने खाली पाहिलं. गोटा मांडीवर पडला होता. डाव्या मुठीत पदर होता.

"जमलं की गं," मामंजी म्हणाले. "थांबलीस का? पुरं कर. येत जा मग रोज."

तिला याहून जास्त काही नको होतं. पण थापटणं हवेतच राहिलं.

मडक्याच्या पोटातून एक थाप आली. मग, जरा वाट पाहून, दुसरी.