पिरॅमिडचं टोक

बाबांच्या हातून घरातली एकही वस्तू सुटत नसे, आणि गेलेली एकही जागेवर परत येत नसे. कपड्यांच्या चिमट्यांचा साळिंदर झाला, चमच्यांचा बगळा झाला, स्ट्रॉ जोडजोडून वीस बाजूंचा गोळा झाला नि तो दिव्याला टांगला गेला. आई दुखण्यानं अंथरुणाला खिळल्यापासून तर हा कारखाना तिच्या उशाशीच आला होता.

त्या संध्याकाळी लेकीनं आईला झोपेची गोळी दिली, वर घोटभर पाणी पाजलं आणि वळून पाहिलं, तर बाबा टेबलावर गोळ्या चिकटवत होते. खाली मोठा त्रिकोण, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. पांढराशुभ्र पिरॅमिड.

"कमाल करता बाबा! आता औषधंही सोडत नाही? तिच्या झोपेच्या गोळ्या ना त्या?"

"तिच्याच."

"पण बाटली माझ्या कपाटात असते, कुलपात. मी रोज एकच काढते."

"त्याच या. तिच्या उशीच्या अभ्र्यात साठल्या होत्या."

लेकीनं उशीचा अभ्रा चाचपला. आई छताकडे बघत राहिली.

"पक्क्या डिंकानं चिकटवल्यात, आता सुटायच्या नाहीत," बाबा आईला म्हणाले, नेहमीच्या कौतुक करून घ्यायच्या आवाजात. "फक्त टोकाची एक कमी पडतेय गं. देतेस?"

मग आईनं जिभेखालची ओली गोळी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.