पाच गोळ्या, पंचवीस यार्ड

दहा गोळ्या झाडून झाल्यावर हाईम ताळकरने आपली आखूड रायफल, कार्बाइन, बाकावर ठेवली आणि एका कानावरचा मफ सरकवून विचारलं, "कुठे गेल्या?"

सॅली दुर्बिणीतून बघत होती. पंचवीस यार्डांवरच्या कागदावर एक भोक वरच्या कोपऱ्यात होतं, तीन डावीकडे विखुरलेली, एक पार खालच्या काठाशी. उरलेल्या पाच कागदाला लागल्याच नव्हत्या.

"पसरल्यात," ती नवऱ्याला नेहमीच्या साधेपणाने म्हणाली.

"वाटलंच मला. शिसं अजून मऊ आहे."

मार्चपासून हेच चाललं होतं. वॉटफर्डच्या घरामागच्या शेडमध्ये हाईम छपराचं जुनं शिसं वितळवायचा आणि साच्यात गोळ्या ओतायचा. आधी शिसं मऊ म्हणून त्यात कथील वाढवलं. मग गोळी नळीत सैल बसते म्हणून ती केसभर जाड केली. मग वेगामुळे नळीत शिसं चिकटतं म्हणून काडतुसातली दारू कमी केली. दर रविवारी नवीन गोळ्या, आणि दर रविवारी कागदाची तशीच चाळण. डोळ्यांच्या क्लिनिकमधून दोनदा पत्र आलं, तेव्हा तो म्हणाला होता, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये? गोळी वाकडी जाते त्याचं बघू आधी."

त्याच्या गुडघ्याला क्लच दाबवेना झाल्यापासून गाडी सॅलीच चालवत होती. नुसतं बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून ती नेमबाजी क्लबची मेंबर झाली, ट्रेनिंग पूर्ण केलं. पण हाईमच्या रायफलीला तिने कधी हात लावला नव्हता.

"तू मार," हाईम एकदम म्हणाला.

"मी?"

"पाचच. त्याच डब्यातल्या. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेव आणि चाप ओढ. तुझ्याही पसरल्या की झालं. मग कोणी मला डोळ्यांचं सांगायला नको."

कागद बदलायला ती गेली आणि परत आली. लाल दिवा विझला. गोळीबारावर देखरेख करणाऱ्या रेंज ऑफिसर बाईंनी फायरिंग सुरू करायला सांगितलं. सॅली बाकाशी बसली. उन्हाळ्यात तिच्या दोन्ही मोतीबिंदूंची ऑपरेशन्स झाली होती. कागदावरचा काळा गोल तिला इतका स्वच्छ दिसला, की तिला अपराध्यासारखं वाटलं.

"श्वास अर्धा सोड," मागून हाईम म्हणाला. "आणि थांब. मग चाप."

तिने पाच वेळा तसं केलं. छोटी, हलकी रायफल. खांद्याला फारसा धक्काही बसला नाही. पाचवी झाडल्यावर तिने दुर्बिणीला डोळा लावला आणि लगेच काढला.

"कुठे गेल्या?"

"आणते ना कागद."

फायरिंग थांबलं. बाकीचे लोक आपापल्या टार्गेटकडे भराभर गेले. सॅली सावकाश गेली. पाचही गोळ्या एकाच जागी लागल्या होत्या. एकात एक मिसळून दोन पेन्सच्या नाण्याएवढं फाटकं भोक झालं होतं. ती तिथेच उभी राहिली. पसरल्या म्हणून सांगावं. तो म्हणेल, पाहिलंस? मग पुन्हा शेड, पुन्हा तो धूर, खिडकी उघडी टाकून बसायचं, पुन्हा नवं माप. अख्खा हिवाळाभर. 'पसरल्या' एवढंच बोलायचं होतं. मार्चपासून ती हेच तर करत आली होती.

तिने कागद काढला. परत येताना तो दोनदा दुमडावासा वाटला.

हाईमने हात पुढे केला. कागद त्याने नाकाजवळ धरला, मग लांब धरला, मग उजेडाकडे वळवला. शेवटी बाकावर पसरून बोटाने चाचपू लागला. बोट गोलाच्या कडेवरून फिरत आत आलं आणि मधल्या भोकातून आरपार गेलं.

"ही एक," तो म्हणाला. "बाकीच्या चार?"



त्याने पूर्ण कागद चाचपला. चारही कोपरे, कडा, मग पुन्हा मध्ये. बोट पुन्हा त्याच भोकात गेलं.

"सॅली, बाकीच्या चार कुठेयत?"

"तिथेच आहेत, अहो."

शेजारच्या लेनमध्ये कोणीतरी हसत रिकाम्या पुंगळ्या गोळा करत होतं. हाईमने बोट बाहेर काढलं नाही.

"म्हणजे गोळ्या चांगल्या आहेत," तो म्हणाला.

"खूप चांगल्या. तुम्ही ओतल्यात."

"मार्चमधल्यासुद्धा चांगल्याच असणार."

"असतील."

त्याने मान हलवली. चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत न लावता हातातच धरून बसला. "दमलीस का गं?"

"दमले."

"मी पण," तो म्हणाला. इतक्या वर्षांत असं काही तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

रेंज ऑफिसर बाई त्यांच्या लेनपाशी आल्या. "ऑल डन, हाईम? ऑर अनदर टेन?"

डब्यात अजून पंचवीस गोळ्या होत्या. हाईमने त्यांना हात लावला नाही. कार्बाइन उचलली, नळी वाळूच्या बांधाकडे ठेवून खालचा लीव्हर पूर्ण उघडला आणि ती त्यांच्यापुढे तिरकी धरली. आत गोळी राहिली नाही ना, ते बाईंनी वाकून पाहिलं.

"क्लिअर," त्या म्हणाल्या. "थँक यू."

त्या पुढच्या लेनकडे गेल्या. हाईम रायफल तशीच उघडी, वर धरून उभा राहिला. जणू अजून कोणीतरी येऊन आत बघायचं राहिलं होतं.