आजची किल्ली

“कुलूप तुटलेलं नाही, भाऊ,” बाई म्हणाल्या. “सरळ किल्लीनं उघडलंय. कपाट रिकामं झालं. आणि दुसरी किल्ली मागच्याच आठवड्यात तुम्ही करून दिलीत.”

किल्लीवाल्याच्या हातातली कानस थांबली. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. नुसत्या बघत उभ्या राहिल्या, तेच त्याला जड गेलं. त्याच्या धंद्याला भांडवल ते काय? कानस, यंत्र आणि लोकांचा विश्वास. पहिली दोन बाजारात मिळतात.

“किल्ली मी कुणाला दिली नाही, बाई. शप्पथ.”

खरंच दिली नव्हती. दाखवली होती.

बायको गेली, लेक लग्न होऊन लांब गेली, आणि जिन्याखालच्या त्या हातभर दुकानात बोलायला किल्ल्याच उरल्या. मग लेकीनं फोनवर खातं उघडून दिलं. “बाबा, तुमचं काम टाकत जा, लोक बघतील.” लोकांनी ढुंकून पाहिलं नाही. तरी तो रोज नेमानं फोटो टाकायचा. वर लिहायचा, ‘आजची किल्ली’, आणि खाली भरात येऊन सगळी कहाणी. ‘कोपऱ्यावरच्या पिवळ्या घरातल्या बाईंची. शनिवारी बाई लेकाकडे निघाल्यात.’

एक दिवस फोटोखाली अंगठा उमटला. ‘चिमणी’ नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, ‘वा दादा! काय हात आहे तुमचा. दात जरा जवळून दाखवा ना.’

त्याच्या हाताचं कौतुक बायकोनंतर कुणी केलं नव्हतं. गडी विरघळला. किल्ली पांढऱ्या कागदावर ठेवून, अगदी वरून, दात न् दात दिसेल असा फोटो काढू लागला. बाईंच्या किल्लीचाही तसाच काढला. नुसत्या फोटोवरून किल्ली करता येते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो स्वतः करायचा. पण कौतुकापुढे अक्कल गहाण पडली होती. रोजचा तो अंगठा म्हणजे ठेंगा होता, हे आत्ता कळत होतं.

त्यानं फोन बाईंच्या हातात दिला. त्यांनी सगळं वाचलं.

“भाऊ, हे सगळं तुम्ही एका चिमणीला सांगत होतात?”

“ऐकायला दुसरं होतं कोण, बाई?”

चौकीत फौजदारांनी मान हलवली. खातं खोटं होतं, माग लागणं कठीण. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. लोक येऊन आपापल्या किल्ल्या परत घेऊन गेले. कुणी नजर वर केली नाही. त्यानं दुकान बंद केलं.

दुकानामागच्या घरात शिरतो तोच फोन वाजला. चिमणीनं लिहिलं होतं, ‘दादा, आज किल्ली नाही टाकलीत? बरे आहात ना?’

त्याला संताप आला, आणि रडूही आलं. दिवसभरात ‘बरे आहात ना’ असं दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

त्यानं आधी फौजदारांना फोन केला. मग खिशातली किल्ली पांढऱ्या कागदावर ठेवली आणि फोटो काढला. ‘आजची किल्ली. माझ्या घराची, दुकानाच्या मागचं दार. उद्या मी लेकीकडे जातोय.’

दुसऱ्या दिवशी फौजदार आतल्या खोलीत दबा धरून बसले. भरदुपारी बाहेर पावलं वाजली. कुलपात किल्ली शिरल्याचा आवाज आला. किल्लीवाला दाराकडे तोंड करून बसला होता. समोर चहाचे दोन कप होते.

“मला नको चहा,” फौजदार आतून पुटपुटले.

“तुमच्यासाठी नाही, साहेब,” तो हळूच म्हणाला. “किती दिवसांनी कुणीतरी घरी येतंय.”