फणसाची सावली

झाड तोडायचं तर आदल्या दिवशी त्याच्यापाशी जाऊन सांगायचं, म्हणजे त्यावर राहणाऱ्यांना दुसरं झाड शोधायला एक रात्र मिळते. मधूने आपल्या राईतल्या फणसाला सकाळी सांगितलं आणि लगेच करवत लावली. मशीनवाला तळेऱ्याहून आला होता, त्याला परत कधी बोलवायचं? लेकीला, चारुताला, दिवस गेले होते. पाळणा घरच्याच लाकडाचा हवा होता.

"आदल्या दिसा सांगलात मां?" बायकोने, सावित्रीने, विचारलं.

"सांगलंय," तो म्हणाला.

फळ्या वाळल्यावर त्याने पडवीत रंधा मारायला घेतला, तेव्हा पिवळ्याधमक लाकडावर पानांची सावली डुलत होती. समोरच्या अंगणात झाडच नव्हतं.

पाळणा टांगला, बाळ आलं, आणि सावली बाळाच्या अंगावर पसरली. तिच्याकडे बघत बाळ दुपारभर गप्प पडून राही. घरात सगळ्यांना बरं वाटलं. हळूहळू मधूलाही ती सावली आवडायला लागली.

आज मात्र त्या पानांत एक फांदी दिसली, आणि फांदीवर पाय खाली सोडून बसलेलं कोणीतरी. बाळ त्या पायांकडे हात करून हसत होतं.

"बाबानू, जरा झोको देवा," आतून चारुता म्हणाली.

मधूने दोरी हातात घेतली. सावलीतली फांदी एकदा वाकली, मग वर गेली आणि रिकामीच हलत राहिली.

त्याने दोरी ओढली. पाळणा दुप्पट जड लागला.